स्नॉर्केलची नळी एवढीशीच का असते?

आम्ही पंचवटीतले. पोहायला शिकलो ते पाठीला डबा बांधून, गंगेत. (नाशिकबाहेरच्यांनी गोदावरी म्हणावं.) आमच्याकडे पाणी किती आहे ते पाण्यात बघून कळतच नाही. ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून ठरवायचं: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं.

लक्षद्वीपला अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये (प्रवाळाच्या कड्याआतलं शांत, उथळ पाणी) बोट थांबली तेव्हा खालची वाळू, काळ्या समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे प्राणी), सगळं लख्ख दिसत होतं. आमचे हे म्हणाले, "कमरेएवढं असेल." बोटवाल्याने काही न बोलता हातातला बांबू खाली सोडला. तो बराच आत गेला. पाण्यातून येणारा प्रकाश वाकतो, त्यामुळे सरळ खाली पाहिलं तरी खोली पाऊणच वाटते. मास्क लावून आत गेलं तरी तीच मजा. मासा जवळ आणि मोठा दिसतो, हात लांब केला की तो तिथे नसतोच.

पाणी एवढं नितळ कसं? या बेटांवर नदीच नाही, म्हणजे गाळ आणणारं कुणी नाही. शिवाय अशा पाण्यात पोषणद्रव्यं कमी, म्हणून हिरवट करणारं शेवाळही कमी.

लहानपणी आम्ही पपईचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली लपायचो. लांब देठ मिळाला तर तळाशी बसून राहता येईल, अशी माझी ठाम समजूत होती. स्नॉर्केलची, म्हणजे तोंड पाण्यात ठेवून वरची हवा घ्यायची नळी जेमतेम हातभर, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा डोक्यात आला. उत्तर सोपं आहे. जरा खोल गेलं की पाणी छातीवर इतकं दाबतं की वरची हवा ओढताच येत नाही. आणि नळी लांब केली की आपणच सोडलेली हवा तिच्यात अडकते आणि पुन्हा आपल्याच फुप्फुसात जाते. म्हणून पालथं तरंगायचं, श्वास सावकाश घ्यायचा, पाय हळू मारायचे. नाशिकच्या सावरकर जलतरण तलावात सपासप हात मारणाऱ्यांनाच हे जड जातं असं माझं निरीक्षण आहे. नाव घेत नाही. मिशीमुळे त्यांच्या मास्कमध्ये पाणीही शिरत होतं, पण मिशी काढायचा विषय घरात निघू शकत नाही.

पाण्याखाली शांतता असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात सतत कुरकुर आवाज येतो, त्यातला काही पोपटमाशांचा. पोपटमासे चोचीने प्रवाळाचा खडक खरवडून त्यावरचं शेवाळ खातात आणि खडकाचा चुरा मागून वाळू म्हणून सोडतात. किनाऱ्यावरच्या त्या शुभ्र वाळूत यांचा वाटा मोठा. प्रवाळ मात्र फोटोतल्यासारखं रंगीत नव्हतं, बरंचसं करडं, मेलेलं. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला आणि इथलं प्रवाळ पांढरं पडून बरंच मेलं.

मग हिरवं कासव दिसलं. मी वर येऊन ओरडलेच. बोटवाल्याला काही कौतुक नव्हतं. कासवांनी लगूनमधलं समुद्री गवत खाऊन फस्त केलं, गवत गेलं आणि त्यात वाढणारे मासेही गेले, अशी तिथल्या कोळ्यांची जुनी तक्रार आहे. अभ्यासकांनीही गवताची ती दशा नोंदवली आहे. मी त्याच्यासमोर कासवाचा फोटो काढायचं टाळलं. मग तो वळून इंजिन सुरू करायला गेला तेव्हा दोन काढले.