सिंह शोधा, मग पाकीट काढा

आज बर्मिंगहॅमजवळच्या कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) भिंग घेऊनच गेले. (नवरा हसला. हसू दे.) एका टेबलावर चमच्यांचा ढीग, सगळे म्हणे ‘सिल्व्हर’. बहुतेकांच्या दांड्यामागे ‘ईपीएनएस’. म्हणजे तांबं, निकेल, जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा. आपलं जर्मन सिल्व्हर हो, त्यात चांदी औषधालाही नसते! वापरून मुलामा उडाला होता तिथे पिवळट झाक दिसत होती. ही अक्षरं कधी कधी छोट्या चौकटींत ठसवतात, घाईत बघणाऱ्याला हॉलमार्कच वाटावा. ‘ए१’ हाही मुलाम्याचाच दर्जा.

ढिगात एक लहानसा काळा पडलेला चमचा सापडला. भिंगाखाली बघते तर पंजा उचलून चालणारा सिंह! म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी. शेजारी जहाजाचा नांगर, म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेला. (या शहराला समुद्र नाही, तरी खूण नांगराची.) लंडनचा असता तर बिबट्याचं तोंड, शेफील्डचा जुना असता तर मुकुट. तपासणीचं वर्ष सांगणारं अक्षर मात्र पार झिजलंय.

सगळ्यांना एकच भाव होता. घासाघीस न करता गुपचूप पैसे दिले.

चिंचेने घासू की काळाच राहू दे? जाणकारांनो, सांगा.