प्रोजेक्टर की टीव्ही: पडद्यावर काळं काळं का दिसत नव्हतं, ते सापडलं

मागच्या नोंदीत अडकलेला प्रश्न सुटला. रात्री सगळे दिवे बंद असूनही अंधाराचे प्रसंग राखाडी दिसत होते आणि संशय प्रोजेक्टरच्या चित्र तयार करणाऱ्या चिपवर होता. चिप निर्दोष आहे. काळा रंग बिघडवतंय पांढरं छत.

पडदा तोच: 100 इंची, 16:9, म्हणजे 221 × 125 सेंमी, गेन (पडदा किती उजेड परत फेकतो ते माप) 1.0. फिल्म मोडमध्ये पूर्ण पांढऱ्या चित्रावर नऊ जागी मोजलेली सरासरी 400 लक्स (दर चौ.मी.वर पडणारा उजेड). त्याला 2.76 चौ.मी.ने गुणलं की साधारण 1,100 ल्युमेन, म्हणजे प्रोजेक्टरचा एकूण उजेड. खोक्यावर 2,000 एएनएसआय (प्रमाणित पद्धतीने मोजलेले) ल्युमेन लिहिलेत, पण ते हिरवट ब्राइट मोडचे. रंग जागेवर आणले की निम्म्याच्या आसपास धरावेत. जिथे एएनएसआय किंवा आयएसओ काहीच न लिहिता नुसतं ‘ल्युमेन’ म्हटलंय, तो आकडा हिशेबातच घेऊ नये.

आता मूळ मुद्दा. 16 काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट लावला. पांढऱ्यात 400 लक्स, काळ्यात 8, म्हणजे कॉन्ट्रास्ट 50:1. हे 8 येतात कुठून? हातभर अंतरावर छोटा काळा पुठ्ठा असा धरायचा की त्याची सावली फक्त मीटरच्या सेन्सरवर पडेल. थेट उजेड अडतो आणि उरतो तो खोलीतून परतलेला. उरले 6.8! प्रोजेक्टरची स्वतःची गळती जेमतेम 1.2 लक्स, म्हणजे 330:1 च्या पुढे. (मीटर 0.1 लक्सपर्यंत वाचणारा हवा. फोनचा सेन्सर इथे कुचकामी.)

उपाय म्हणून पडद्यापासून 2 मीटरपर्यंत छताला काळं मखमली कापड लावलं. मॅट काळा रंग तिरप्या उजेडात चमकतो, कापड चमकत नाही. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला ठेवा, नाहीतर जोड उठून दिसतात. प्रोजेक्टरच्या गरम हवेच्या झोतापासून कापड लांबच हवं. नवं वाचन: काळ्या चौकटीत 3.2 लक्स, म्हणजे 125:1. तोच प्रोजेक्टर, तोच पडदा, आणि रात्रीच्या दृश्यात काळ्या कोटाच्या घड्या दिसू लागल्या. फार समाधानाची गोष्ट आहे ही.

राखाडी पडद्याचा सल्ला पुन्हा पुन्हा येतो. 0.8 गेनच्या पडद्याने परतणारा उजेड 6.8 वरून 5.4 होतो, म्हणजे कापडाशिवाय 60:1. बस्स, तेवढंच. दिवसाच्या उजेडावर तर तो चालतच नाही, कारण चित्र आणि बाहेरचा उजेड दोन्ही सारखेच मंद होतात.

दिवसाचं गणित कापडानेही बदलत नाही. खिडकीचे पडदे ओढूनही स्क्रीनवर 50 लक्स येतात, म्हणजे 450 ला 50, फक्त 9:1. एएलआर (खोलीतला उजेड अडवणारा) पडदा बघितला, पण 1.2 थ्रो रेशोला (प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी) मधोमध उजळ डाग पडण्याची भीती आहे. अल्ट्रा शॉर्ट थ्रोचे (भिंतीलगत ठेवायच्या प्रोजेक्टरचे) आडव्या दातेरी रचनेचे पडदे छताचा उजेड चांगला अडवतात, पण बाजूच्या खिडकीपुढे त्यांचं फारसं चालत नाही.

तेव्हा एकाच्या ‘ऐवजी’ दुसरा हा विचारच सोडावा असं दिसतंय. दिवसा 55 इंची टीव्ही, आणि त्याच्यापुढे 20 सेंमीवर खाली उतरणारा पडदा. प्रोजेक्टर जागेवरच ठेवला तर अंतर 265 वरून 245 सेंमी होतं, चित्राची रुंदी 204, म्हणजे 92 इंच. पण बैठकही पडद्याच्या 20 सेंमी जवळ येते: 340 ऐवजी 320. दृश्यकोन 36 अंशांवरून जेमतेम 35 वर येतो आणि उजेड 470 लक्सपर्यंत चढतो. 340 सेंमीवरून टीव्हीचा कोन 20 अंशच भरतो, त्यामुळे सिनेमासाठी पडदा हवाच.

एक अट: पडद्याची वरची काळी पट्टी एवढी लांब हवी की चित्र लेन्सच्या ऑफसेटमध्ये (लेन्सपेक्षा चित्र जितकं वर-खाली पडतं त्यात) बसेल आणि कीस्टोन (तिरकं चित्र चौकोनी करणारी डिजिटल दुरुस्ती) शून्यावर राहील. कीस्टोन शून्य केल्यापासून सबटायटलची अक्षरं कोरल्यासारखी आलीत, ते घालवायचं नाही. कडांना ताण देणाऱ्या दोऱ्यांचाच पडदा घ्यायचा. साध्या गुंडाळीच्या पडद्याला कडेला लाटा येतात आणि कॅमेरा आडवा फिरताना त्या लगेच दिसतात.

पुढचं वाचन बाजूच्या भिंतींचं, पडद्यालगतच्या पहिल्या एका मीटरचं. उरलेल्या 2 लक्सपैकी बराचसा उजेड तिथूनच येत असावा. पुठ्ठ्याच्या सावलीत मीटर ठेवून एकेका भिंतीवर काळं कापड धरलं की कळेल.