१:११० म्हणजे नक्की किती?

गरोदरपणातल्या डबल मार्कर या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर ट्रायसोमी २१ (म्हणजे डाउन सिंड्रोम) समोर १:११० आणि बाजूला लाल अक्षरात हाय रिस्क छापलेलं असलं की माणूस पुढचं वाचतच नाही. सासूबाई म्हणाल्या आमच्याकडे असलं कुणालाच नाही, आईने तेच आमच्या बाजूने सांगितलं, मग दोन्ही घरं गप्प.

जेनेटिक काउन्सेलरने आधी कागदावर आमच्या तीन पिढ्या काढल्या, पुरुष चौकोन, बायका गोल. कुणाचं मूल लहानपणी गेलं का, गर्भपात झाले का, नात्यात लग्न झालंय का. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न व्हायची, मला वाटलं झालं, सापडलं कारण! तर तो प्रश्न थॅलेसेमियासारख्या आजारांसाठी असतो म्हणे. डाउन सिंड्रोममध्ये २१ नंबरचा क्रोमोसोम जास्तीचा येतो आणि बहुतेक वेळा त्याचा घराण्याशी संबंध नसतो. (सासूबाईंना न्यायला हवं होतं.)

मग आकडा. असाच रिपोर्ट आलेल्या ११० बायका घेतल्या तर साधारण एकीच्या बाळाला डाउन असेल, १०९ जणींच्या नाही. बऱ्याच लॅब १:२५० च्या आत आलं की हाय रिस्क लिहितात, एवढंच. वय, एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि रक्तातल्या दोन गोष्टी यावरून काढलेला अंदाज तो, निदान नाही.

पुढे दोन रस्ते. एनआयपीटी या डीएनए तपासणीला नुसतं आईचं रक्त लागतं, पण त्यात सापडणारा बाळाकडचा डीएनए खरं तर वारेतून आलेला असतो, म्हणून तीही स्क्रीनिंगच, म्हणजे अंदाजच, पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी अ‍ॅम्निओ आहेच. अ‍ॅम्निओ १५ आठवड्यांनंतर, पोटातून सुई घालून गर्भजल काढतात, गर्भपाताचा धोका १ टक्क्याहून कमी पण शून्य नाही. त्याआधी पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा) फॉर्म भरायचा, मुलगा की मुलगी कुणी सांगणार नाही.

नवऱ्याने विचारलं, मॅडम आमच्या जागी तुम्ही असता तर? तिने उलट विचारलं, उत्तर कळल्यावर तुम्ही दोघं काय कराल? मला रागच आला, फी भरून प्रश्न विकत घेतला असं वाटलं. पण घरी येताना रिक्षात कळलं की आमची दोघांची उत्तरं वेगळी आहेत, आणि ते भांडण टेस्टच्या आधी झालं हे बरंच झालं.

आमचा निकाल मुद्दाम लिहीत नाही, वाचणारी तो स्वतःला लावून बघते. पण आठवडे मोजा. अ‍ॅम्निओचा पूर्ण कॅरिओटाइप (सगळ्या क्रोमोसोमचा रिपोर्ट) यायला दोन-तीन आठवडे जातात आणि गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढे गेलं की प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं, त्यामुळे काउन्सेलरची अपॉइंटमेंट रिपोर्ट आला त्याच आठवड्यात घ्या.