पानशेत : झाडं दोन, हॅमॉक दोन

आधी निकाल सांगून टाकतो. त्याच दोन झाडांना शेजारीशेजारी दोन हॅमॉक, म्हणजे कापडी झोळ्या, बांधून दोन मोठी माणसं झोपू शकत नाहीत. काठ्या लावल्या तर जमतं, पण त्यातही एक मेख आहे, ती पुढे येईलच. हे कोणी आधी सांगितलं असतं तर डिसेंबरातल्या त्या शनिवारी मी मेहुण्याच्या काखेत डोकं घालून पडलो नसतो.

सगळं एका फोटोवरून सुरू झालं. मेहुण्याने फोनवर दाखवला होता. पाण्याच्या काठाला दोन झाडं, मध्ये दोन हॅमॉक, अगदी समांतर, दोघांत हातभर अंतर. "दाजी, यंदा तंबूचं ओझं नको. हेच नेऊ." मीही भाळलो. फोटोतले दोन्ही हॅमॉक रिकामे होते, हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या.

पुण्याहून पानशेत चाळीसेक किलोमीटर. सिंहगड रस्ता, खडकवासला, डोणजे फाटा, खानापूर. दुपारी लवकर निघालात तर खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं-भजी खायला थांबलेल्या गाड्यांत अडकणार नाही. रस्त्याबद्दल एवढं पुरे.

बॅकवॉटरच्या काठाला एका माणसाची जागा आहे, फोनवर ठरवली होती. "झाडंच झाडं आहेत साहेब, पाहिजे तिथं बांधा. तुमचं सामान तुमचं, तर माणशी चारशे." पोचलो तर झाडं होती खरी. मनगटाएवढ्या सुबाभळी, आणि एकमेकांना चिकटून लावलेली निलगिरीची रांग. हॅमॉकला दोन झाडांत साधारण बारा ते पंधरा फूट अंतर लागतं आणि बुंधा निदान सहा इंच जाडीचा तरी हवा. त्या हिशोबात बसणारे अख्ख्या जागेत दोन आंबे. बाकी नुसती सावली.

सामान उतरवल्यावर मालक आले. माणशी चारशे ते झालेच, वर झाडाचे शंभर.

"म्हणजे दोनशे?" मी म्हणालो. "झाडं दोन आहेत."

"चारशे. हॅमॉक दोन ना तुमचे? एका हॅमॉकला दोन झाडं. दोनाला चार."

"अहो, पण झाडं तीच आहेत!"

"झाडं तीच आहेत, पण वजन डबल आहे ना साहेब."

या उत्तरावर मला अजूनही राग येतो, कारण त्यात तथ्य होतं. ते पुढे कळलं. त्या वेळी मी पंधरा मिनिटं भांडलो आणि शेवटी तीनशेवर तुटलं. तुम्ही जाणार असाल तर फोनवरच विचारा : माणशी किती, झाडाचे वेगळे का, शेकोटीचे वेगळे का, आणि उत्तर मेसेजवर लिहून घ्या. मी "माणशी चारशे"वर विश्वास ठेवला तो माझा गाढवपणा. जेवण चांगलं होतं, पिठलं-भाकरी. पुढे.

साडेनऊला झोपायची तयारी. एकाचे पट्टे बुंध्याच्या डाव्या अंगाला, दुसऱ्याचे उजव्या. रिकामे असताना हुबेहूब फोटोतल्यासारखे दिसले, मेहुण्याने फोटोही काढला. मग तो बसला. काही बिघडलं नाही. मग मी बसलो आणि सरळ घसरत त्याच्यावर गेलो. लग्नाच्या वऱ्हाडाच्या जीपमध्ये मागच्या बाकावर पाचवा माणूस बसवला की कसं होतं, तसं. मी चौऱ्याऐंशी किलो, तो बहात्तर. मध्ये दोन थर कापड, बाकी खांद्याला खांदा, कमरेला कंबर.

कारण अगदी साधं आहे, कळायला मात्र रात्र गेली. दोन्ही झोळ्यांची टोकं त्याच दोन जागी बांधलेली. वजन पडलं की झोळी त्या दोन टोकांमधल्या सरळ रेषेच्या बरोबर खाली लटकणार. दोघांची रेषा जवळपास एकच, तर दोघांचा तळही एकच. बुंध्याच्या जाडीमुळे फारतर फूटभर फरक पडतो, आणि माणसाचे खांदे दीड फूट. फोटोत अंतर दिसतं कारण फोटोत माणूस नसतो.

तेवढ्यात बॅटरी घेऊन मालक हजर. "टाइट ओढा साहेब, बाजेसारखं सपाट झालं की लागणार नाही." हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. आम्ही ऐकला. पट्टा आडव्याशी तीस अंशात उतरता असेल तर प्रत्येक टोकाला ओढ साधारण तुमच्या वजनाएवढी येते. ताणून ताणून तो दहा अंशांवर आणलात तर तीच ओढ जवळजवळ तिप्पट होते. म्हणजे माझ्या एकट्याची दोनशे चाळीस किलो, आणि दोघांची मिळून प्रत्येक झाडावर साडेचारशेच्या आसपास. मेहुण्याच्या हॅमॉकबरोबर बारीक नायलॉनची दोरी आली होती. ती आधी कुईं करून वाजली, मग ताणत ताणत सैल होत गेली आणि दहा मिनिटांत त्याची पाठ जमिनीला टेकली. सकाळी पाहिलं तर आंब्याच्या सालीत बोटभर रुंद ओरखडा. वजन डबल, मालक म्हणाले होते. आणि इतकं करूनही आम्ही एकमेकांच्या अंगावरच.

अकरा वाजता वर-खाली बांधून पाहिलं. मेहुणा वर, मी खाली. हे कधीही करू नका. वरचा हॅमॉक माणूस बसल्यावर किती खाली येतो याचा अंदाज बांधला होता, तो चुकला. बहात्तर किलोचा मेहुणा माझ्या नाकापासून चार बोटांवर येऊन थांबला. वरून कोणी पडलं तर तो एकटा पडत नाही.

त्यानंतर उलटसुलट : त्याचं डोकं माझ्या पायांकडे. खांदे सुटले, हे कबूल. पण दिवसभर बुटात राहिलेले मोजे रात्रभर कानाशी. घरात चालून जाईल, मेहुण्याबरोबर नाही.

बारा वाजता त्याला अक्कल सुचली. दोन्ही हॅमॉकच्या डोक्याकडच्या टोकांमध्ये त्याने आपली ट्रेकिंगची काठी आडवी घातली, टोकं फाकवून. कल्पना बरोबर होती, काठी चुकीची. पिळून घट्ट करायची, तीन तुकड्यांची ती काठी. मी आत पाय घेतला, दोन्हीकडून दाब आला आणि ती सरकन आत गेली, छत्री मिटावी तशी. मी पुन्हा त्याच्या काखेत. तो म्हणाला, "दाजी, आता राहू द्या." दोनला मी चटई घेऊन जमिनीवर गेलो. त्यानंतर तो एकटा दोन्ही झाडांचा मालक होऊन सहापर्यंत घोरत होता. मी दवात भिजलो.

सकाळी पलीकडच्या शेतातल्या आजी दूध द्यायला आल्या. आमचा पसारा बघून हसल्या. "पोराच्या झोळीला बी वर आडवी काठी घालत्यात रं, नाय तर दोन्ही बाजू मिटत्यात. तुम्ही तर चांगलं बाप्ये." आणि कुंपणाच्या कामाच्या ढिगाऱ्यातून दोन भरीव बांबू काढून दिले. पैसे घेतले नाहीत. झाडाचे पैसे मागणाऱ्या माणसापासून शंभर पावलांवर ही गोष्ट घडली, म्हणून मुद्दाम लिहिलं.

रविवारी पुन्हा खानापूरला येऊन पाबे घाटाने वेल्ह्यात उतरलो आणि तोरणा केला. १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच किल्ला. छान झाला. त्यावर ढिगाने लिहिलेलं आहे, मी भर घालत नाही.

रात्री वेल्ह्याजवळ एका ओळखीच्यांच्या परड्यात दोन जांभळी मिळाल्या आणि आजींचे बांबू कामाला आले. प्रत्येक बांबू साडेतीन फुटांचा, दोन्ही टोकांना कोयत्याने बोटभर खाच. झाडापासून दोन पट्टे फाकत येतात, एका बांबूच्या दोन टोकांवरच्या खाचांतून जातात आणि तिथून पुढे हॅमॉक सुरू होतात. तसंच दुसऱ्या टोकाला. खाचेत पट्टा दोरीने करकचून बांधा, नाहीतर हॅमॉक रिकामा झाला की काठी खाली येते, आणि ती डोक्यात येते. आम्ही शिरलो, आणि पहिल्यांदाच मध्ये हात जाईल एवढी हवा राहिली. नऊला झोपलो.

आता ती मेख. काठी जागेवर राहते ती दोन्ही बाजूंनी दाब असतो म्हणून. तीनला मेहुणा लघवीला उठला. त्याचा पाय जमिनीवर पडला आणि माझा सगळा संसार काठीसकट त्याच्या बाजूला सरकला. मी झोपेत ओरडलो, कुत्री भुंकली, घरातला दिवा लागला. तो परत येऊन आत शिरला तेव्हा सगळं पुन्हा होतं तिथे गेलं. तेव्हा झोपण्यापूर्वी दोघांनीही जाऊन या, आणि चहा जरा कमी प्या.

एकच काठी असेल तर ती डोक्याकडे लावा, पाय लागले तर लागले. याच कारणासाठी तिसरं झाड मिळालं तर बांबूच्या भानगडीत पडूच नका. पाय दोघांचे एका झाडाला, डोकी दोन वेगळ्या झाडांना. माझ्या मते हा एकमेव शहाणा मार्ग आहे. जागा ठरवताना "झाडं आहेत का" असं विचारू नका. "पाच-सहा पावलांवरची, मांडीएवढ्या जाडीची तीन झाडं कुठे आहेत" असं विचारा आणि फोटो मागवा.

बांबू पुण्यातूनच न्यायचे तर बुरूड आळीत जा, भरीव मागा. पट्टे आणि ताडपत्री बोहरी आळीत. पट्टा इंचभर रुंद आणि पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन ताणतो, आणि बारीक दोरी झाडाला कापते. ताडपत्री दहा बाय बारा फुटांची, काठ्या लावल्यावर त्याहून लहान पुरत नाही. पट्ट्याचा उतार बघायला कोणतं ॲप नको. तर्जनी आडवी आणि अंगठा वर, लहान मुलं पिस्तूल करतात तसं करा. पट्टा अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जाताना दिसला की झालं, तीस अंशांच्या आसपास असतो. आत शिरल्यावर सरळ न झोपता थोडं तिरकं झोपा, पाठ सपाट राहते. आणि थंडीत पाठीखाली फोमची चटई घ्याच. झोपेच्या पिशवीतला कापूस अंगाखाली दबतो आणि खालचा वारा थेट कंबरेला लागतो. हे मला शनिवारीच कळायला हवं होतं, पण शनिवारी माझी चटई जमिनीवर होती.

परत येताना रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या वाटेला जाऊ नका. आम्ही सोमवारी पहाटे नसरापूरवरून हायवेला लागलो आणि नऊला ऑफिसात होतो, एक खांदा वर करून.

परवा मेहुण्याने पानशेतच्या त्या मालकांचं स्टेटस पाठवलं. आमचे दोन हॅमॉक, आंब्यांच्या मध्ये, समांतर, मागे पाणी. त्यानेच काढलेला तो शनिवार रात्रीचा फोटो, आणि त्यानेच तो मालकांना पाठवला होता. वर लिहिलंय, "कपल हॅमॉक, फक्त ₹१२००." झाडाचे वेगळे का, ते लिहिलेलं नाही.