आमची वाटचाल : कोशिंबाच्या पालवीपासून किंजळाच्या फळांपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यातील देशी झाडांची वर्षभर, ऋतूंमागून ऋतू छायाचित्रे घेणे आणि त्यांतून दिनदर्शिका, भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रती व शाळांसाठी चित्रसंच तयार करणे हे आज आमच्या फर्मचे मुख्य काम आहे. राजारामपुरीत आम्ही स्टुडिओ सुरू केला तेव्हा असे काही मनात नव्हते. पासपोर्ट फोटो, लग्ने, बारशी, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आणि अहवालांची मुखपृष्ठे यांवर आमचा व्यवसाय उभा राहिला. या जिल्ह्यात दूध संस्था, पतसंस्था आणि विकास सेवा सोसायट्या गावोगावी आहेत आणि नव्या वर्षाची दिनदर्शिका सभासदांच्या घरी पोहोचवणे यांतील बहुतेक संस्था आपले कर्तव्यच मानतात. त्यामुळे दसरा झाला की दिनदर्शिकांच्या ऑर्डरी येऊ लागत, आणि आमच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या थोड्या आठवड्यांत ठरत असे.

या दिनदर्शिकांमधूनच मेपल आमच्या टेबलावर आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर लाल-केशरी पानगळीचे जंगल हवे, अशी मागणी ग्राहक हमखास करत, आणि आम्ही इंटरनेटवरील चित्रसंग्रहांतून कॅनडाची किंवा जपानची चित्रे विकत घेऊन ती छापत असू. काश्मीरच्या चिनारची चित्रेही बाजारात मेपल म्हणून सर्रास खपतात. पानांचा आकार मिळताजुळता असला तरी चिनार हे वेगळ्या कुळातले झाड आहे. भारतातले देशी मेपल प्रामुख्याने हिमालयाच्या थंड उतारांवर वाढतात, सह्याद्रीच्या रानात ते दिसत नाहीत. ज्या महिन्यात आपल्याकडे भाताची कापणी चालू असते आणि पावसाने धुतलेली झाडे गर्द हिरवी असतात, त्या महिन्याच्या पानावर भुदरगड किंवा शाहूवाडीच्या शेतकऱ्याने परदेशातील पानगळ का पाहावी, हा प्रश्न मला वर्षागणिक अधिक टोचू लागला. मेपल सुंदर आहे यात शंका नाही. तथापि घरातली दिनदर्शिका घराबाहेरच्या ऋतूशी जुळलेली असावी, असे माझे ठाम मत झाले.

उत्तर मिळाले ते कोशिंबाच्या झाडात. काही भागांत याला कुसुंब म्हणतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुनी पाने झडून जी नवी पालवी फुटते ती हिरवी नसते, तर तांबूस ते गडद लाल असते, आणि संपूर्ण झाड त्या रंगाने भरून जाते. अधिक माहिती काढली तेव्हा कळले की वनस्पतिशास्त्रज्ञ आज मेपल आणि कोशिंब यांना एकाच कुळात, म्हणजे रिठ्याच्या कुळात ठेवतात. पूर्वी मेपलचे कुळ स्वतंत्र मानले जात असे. या नात्याचा मला फार आनंद झाला, कारण आमचे ग्राहक ज्या झाडासाठी हट्ट धरत होते त्याचा भाऊबंद आपल्याच रानात उभा होता.

दोन्ही झाडांच्या लाल रंगामागे अँथोसायनिन हेच रंगद्रव्य असते. मात्र मेपलचा रंग पानाच्या अखेरीस येतो आणि कोशिंबाचा सुरुवातीस. दिवस लहान होऊन थंडी वाढू लागली की मेपलच्या पानातील हरितद्रव्य विघटित होते, आधीपासूनच असलेली पिवळी द्रव्ये उघडी पडतात आणि लाल द्रव्य त्या वेळी नव्याने तयार होते. स्वच्छ ऊन आणि गार रात्री मिळाल्या तर तो रंग अधिक खुलतो. कोशिंबाच्या कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरेसे तयार झालेले नसते, आणि तोवर हे लाल द्रव्य त्या पानाचे प्रखर उन्हापासून व कीटकांपासून रक्षण करत असावे, असे अभ्यासक मानतात. पुढे पान जून होत जाते तसा तांबडा रंग विरतो आणि झाड दाट हिरवे होते. आपल्या प्रदेशाचा लाल ऋतू चैत्रपालवीचा आहे, पानगळीचा नाही, हे एकदा समजल्यावर दिनदर्शिकेची सगळी मांडणीच बदलली.

काम करण्याची पद्धतही त्यानुसार ठरवावी लागली. निवडलेल्या प्रत्येक झाडासमोर ट्रायपॉडची जागा, कॅमेऱ्याची उंची आणि लेन्सचे अंतर निश्चित करून त्याची नोंद वहीत ठेवली जाते आणि त्याच जागेवरून वर्षभर चित्रे घेतली जातात, म्हणजे चौकट तीच राहते आणि बदलते ते फक्त झाड. कोशिंबाची पालवी मी शक्यतो सकाळी, सूर्य झाडाच्या मागे असताना टिपते, कारण प्रकाश पानातून आरपार आला तरच तो रंग खरा दिसतो. समोरून ऊन पडले तर कोवळ्या पानाची चकाकी रंग झाकून टाकते. पावसाळ्यात ओल्या पानांवरची चमक कमी करण्यासाठी पोलरायझर फिल्टर लागतोच. कॅमेऱ्याने रंगांचा समतोल आपोआप ठरवू नये म्हणून तो दिवसाच्या प्रकाशावर कायम ठेवतो, नाहीतर एकाच झाडाची दोन महिन्यांतील चित्रे शेजारी ठेवून पाहण्यात अर्थ उरत नाही.

पावसाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळ तालुक्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिमेला गगनबावड्यात तो ५,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात झाडांचे वेळापत्रक बदलते, आणि दिनदर्शिकेचा विषय म्हणून या जिल्ह्याइतका संपन्न प्रदेश शोधूनही सापडणार नाही. १९५८ साली घोषित झालेले आणि २०१२ पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग असलेले राधानगरी अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. तेथील दाजीपूरच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यांवर, उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी झाकून जातात. पळस आणि पांगारा त्याच सुमारास फुलतात, मागून बहावा येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पान मात्र आम्ही किंजळाला दिले. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हे झाड फुलते आणि नंतर त्याची पंखयुक्त फळे तांबूस होऊन सबंध माथा व्यापतात. लांबून पाहणाऱ्याला पानेच लाल झाली आहेत असे वाटते. ज्या महिन्यासाठी ग्राहक मेपल मागत होते, त्याच महिन्यात आंबा घाटाच्या रस्त्यावर हे दृश्य उघड्यावर दिसत असते.

छपाईत सर्वांत कठीण लाल रंगच. पडद्यावर दिसणारी कोशिंबाची लाली चार रंगांच्या ऑफसेट छपाईत अनेकदा विटकरी होते, म्हणून किमती कागदावर छापण्याआधी आम्ही उद्यमनगरातील छापखान्यात नमुना काढून घेतो आणि तो झाडावरून आणलेल्या पानाशेजारी ठेवून तपासतो. छापखान्यातील कारागिरांनी यासाठी दाखवलेल्या संयमाचा या वाटचालीत मोठा वाटा आहे.

पहिली दोन वर्षे बहुतेक ग्राहकांनी जुनीच चित्रे मागितली आणि आम्ही ती दिली, कारण पगार आणि भाडे थांबत नाही. देशी झाडांची दिनदर्शिका प्रथम स्वीकारली ती एका छोट्या पतसंस्थेने. तिच्या सभासदांपैकी अनेकांनी आपल्या बांधावरच्या झाडांची माहिती आम्हाला कळवली, आणि आमच्या यादीतील काही उत्तम झाडे त्यातूनच मिळाली. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरातील कोटितीर्थ तलावाचा परिसर वर्षानुवर्षे रंगवला त्या गावात निसर्गचित्राची जाण लोकांना शिकवावी लागत नाही, त्यांच्यासमोर ते चित्र ठेवावे लागते एवढेच.

आता प्रत्येक पानावर झाडाचे नाव, तालुका आणि चित्र घेतल्याचा महिना छापतो. दुर्मीळ किंवा देवराईतील झाडाची नेमकी जागा मात्र देत नाही. पुढील वर्षापासून शाळांच्या चित्रसंचात एकाच कोशिंबाची बारा महिन्यांची बारा चित्रे देत आहोत, आणि त्यासाठी पन्हाळा तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने आपल्या बांधावरचे झाड आम्हाला वर्षभर उपलब्ध करून दिले आहे.