गुळवेलीचा काढा आणि माझी आठवड्याची गोळी

मागच्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आठ दिवसांसाठी माहेरी गेले होते. पारोळा तालुक्यातले आमचे गाव, वैशाखाचे ऊन, अंगणातल्या निंबाला बांधलेला झोका आणि स्वयंपाकघरात चाललेली सांजोऱ्यांची गडबड, या सगळ्यात माझ्या गोळ्यांची डबी ओट्यावर उघडी राहिली आणि ती काकूच्या नजरेस पडली. २०१९ पासून मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आमच्याकडे त्याला सरसकट संधिवात म्हणतात, वैद्य आमवात म्हणतात. दर रविवारी मेथोट्रेक्सेट, मंगळवारी फॉलिक अ‍ॅसिड, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि त्या वेळी अगदी कमी मात्रेत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अशी माझी औषधे होती. काकूने डबी हातात घेऊन गोळ्या मोजल्या आणि कळवळून म्हणाली, "माय, इतल्या गोया खाईसन आंग इस्तो व्हई जाई." म्हणजे इतक्या गोळ्या खाऊन अंगाचा विस्तव होईल.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल घेऊन आली. कडुनिंबावरची गुळवेल गुणाने सरस, असे आमच्याकडे सगळेच मानतात. अंगठ्याएवढे जाड खोड, नखाने सहज सुटणारी कागदासारखी पातळ साल, आत हिरवा गर. आडवे कापले की बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. काकूने तुकडे खलबत्त्यात ठेचले, चार पेले पाण्यात घालून एक पेला उरेपर्यंत चुलीवर आटवले आणि गाळून माझ्या हातात दिले. मी ते प्रेमाने प्यायले. निघताना तिने वाळवलेल्या तुकड्यांची पिशवी सोबत दिली आणि जळगावला परतल्यावर सुमारे सात आठवडे मी रोज सकाळी तो काढा घेत राहिले.

मेथोट्रेक्सेट चालू असताना ठरावीक अंतराने रक्त तपासावे लागते. पेशींचे प्रमाण, यकृताला इजा झाली की वाढणारी एसजीपीटी आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहतात. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि पुढे औषध स्थिरावले की साधारण दोन ते तीन महिन्यांनी. माझी एसजीपीटी पाच वर्षे चाळिशीच्या आत होती, ती त्या वेळी २१० आली. नाशिकला माझ्या डॉक्टरांनी अहवाल पाहून पहिला प्रश्न विचारला की नवीन औषध काही सुरू केले आहे का, आणि मी पूर्ण प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर दिले. मला लपवायचे नव्हते. काढा हे औषध आहे, असे माझ्या मनातच आले नव्हते. डॉक्टरांनी प्रश्न बदलून "सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जाते ते क्रमाने सांगा" असे विचारले, तेव्हा चहाच्या आधी गुळवेल निघाली.

या प्रसंगावर मी सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्यासारख्या रुग्णांच्या बाबतीत नेमकी चूक येथेच होते. प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून आपल्याला हा आजार झाला, असे आपण धरून चालतो आणि ती वाढवणारे जे मिळेल ते घेतो. आमवातात, ल्युपसमध्ये किंवा थायरॉइडच्या हाशिमोटो आजारात प्रतिकारशक्ती अशक्त झालेली नसते. ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर किंवा ग्रंथींवर उलटलेली असते. आपली बहुतेक मुख्य औषधे तिला आवर घालण्यासाठी दिलेली असतात. मग एका हाताने तिला आवरायचे आणि दुसऱ्या हाताने प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा प्यायचा, हे एकाच बैलाला दोन्ही बाजूंनी ओढण्यासारखे आहे.

गुळवेलीबद्दलचा प्रश्न केवळ माझ्यापुरता नाही. करोनाच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले, त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे २०२१ मध्ये नोंदवले आणि २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या बऱ्याच रुग्णांचे चित्र स्वयंप्रतिकार यकृतदाहासारखे, म्हणजे प्रतिकारशक्ती यकृतावरच उलटल्यासारखे होते. आयुष मंत्रालयाने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. गुळवेल सुरक्षित असून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेल्यास अपाय होऊ शकतो, असे मंत्रालयाचे म्हणणे आहे. माझ्या बाबतीत दोष गुळवेलीचा होता की मेथोट्रेक्सेटचा की दोघांचा, हे कोणालाच ठरवता आले नाही, आणि खरी अडचण हीच होती. दोन्ही थांबवावे लागले. सहा आठवड्यांनी एसजीपीटी खाली आली, पण मधल्या काळात आजार उसळला. बोटांची पेरे सुजली, सकाळी दोन-दोन तास मूठ मिटेना, फळ्यावर लिहिताना खडू गळून पडू लागला आणि कळण्याची भाकरी थापायला मुलीला बोलवावे लागले. एक काढा न सांगितल्याची ही किंमत होती.

घरी परतल्यावर मी आमच्या ओळखीच्या वैद्यांकडेही गेले. त्यांनी आधी माझ्या सगळ्या गोळ्यांची नावे लिहून घेतली आणि मग सांगितले की आमवातात शास्त्र लंघनापासून म्हणजे उपवासापासून सुरुवात करते, आम म्हणजे न पचलेला अन्नरस पचलेला नसताना बळ वाढवणारी रसायने आपल्या मनाने सुरू करायची नसतात. आयुर्वेद म्हणजे काहीही, कितीही, केव्हाही घ्यावे अशी मोकळीक नाही, हे मला एका वैद्यानेच समजावले, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. संधिवातावर दिल्या जाणाऱ्या महायोगराज गुग्गुळात वंग म्हणजे कथील, नाग म्हणजे शिसे आणि पाऱ्याचा रससिंदूर असे घटक असतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. असे विषारी गणले जाणारे घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. कृपया डबी उलटी करून तो इशारा वाचावा.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती मात्र वेष्टन नसलेल्या औषधाची. आमच्या शेजारच्या मावशींना आठवडे बाजारात एकाने संधिवाताच्या पुड्या दिल्या. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घ्यायची. दोन दिवसांत मावशींचे गुडघे मोकळे झाले आणि त्यांनी गल्लीतल्या चार जणींना त्याचा पत्ता दिला. चार महिन्यांत त्यांचा चेहरा गोल झाला, साखर वाढली, हाताला नुसते दार घासले तरी काळानिळा डाग उठू लागला. मग तो विक्रेता बाजारात येईनासा झाला, पुड्या संपल्या आणि आठवड्याभरात मावशींना उलट्या, चक्कर आणि रक्तदाब एकदम खाली गेल्यामुळे दवाखान्यात न्यावे लागले. सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, तपासले तर ते अत्यंत कमी निघाले. पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असणार. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की ते तयार करणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या आपल्या अधिवृक्क ग्रंथी काम सोडून देतात आणि बाहेरचा पुरवठा एकाएकी तुटला की शरीराजवळ स्वतःचे काही उरत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडसुद्धा आपल्या मनाने एकदम बंद करायचे नसते, आणि पुडीत काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला तर आपण स्टेरॉइड बंद केले हेच कळत नाही. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. कोणतीही पूड दोन दिवसांत सूज उतरवत असेल, तर आनंद होण्याआधी मनात शंका यायला हवी.

माझी स्वतःची आणखी एक सवय होती. शिक्षिका असल्यामुळे घसा सांभाळायला मी दिवसभर ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरत असे. ज्येष्ठमध अधिक प्रमाणात आणि सतत घेतले तर पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब वाढतो. प्रेडनिसोलोनमुळेही तेच होऊ शकते, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की त्रास वाढतो. आता मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते.

हळदीबद्दल मला नेहमी विचारले जाते. भाजीतली, वरणातली, दुधातली चिमूटभर हळद मी कधीच सोडली नाही. कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे. तिच्यात हळदीचा सांद्र अर्क असतो आणि तो अंगी लागावा म्हणून मिरीतले पायपेरीन घातलेले असते; एका प्रयोगात पायपेरीनमुळे माणसांच्या रक्तातले कर्क्युमिन सुमारे २० पट वाढले होते. जो पदार्थ एका द्रव्याचे शोषण इतके वाढवतो, तो टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारख्या, प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या औषधांचे रक्तातले प्रमाणही बदलू शकतो, आणि त्या औषधांत थोडा फरकही महाग पडतो. पपनसाचेही तसेच आहे. अश्वगंधेने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, त्यामुळे थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती विचारल्याशिवाय सुरू करू नये. ल्युपस असलेल्यांनी अल्फाल्फाच्या गोळ्या टाळाव्यात. अल्फाल्फा म्हणजे आपण गुरांना घालतो तो लसूणघास, आणि त्यातल्या कॅनाव्हनीन या घटकामुळे ल्युपस उसळल्याची उदाहरणे आहेत.

पूरक गोळ्यांत वाईट काहीच नसते असे मात्र नाही आणि सगळेच वाईट असते असेही नाही. फॉलिक अ‍ॅसिड हे तर मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टरच देतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, परंतु ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज नव्हे. रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीवर गेलेले रुग्ण असतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवाव्या लागतात, आम्लपित्ताची औषधे हायड्रॉक्सीक्लोरोक्विनपासून. केसांसाठीच्या गोळ्यांतल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकतात, हे मला माझ्या चुकलेल्या अहवालानंतर समजले.

आता माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. पोटात जाणारी भाजी-भाकरी सोडून प्रत्येक गोष्ट तीत लिहिते: नाव, कोणी दिले, कशासाठी, कोणत्या तारखेपासून, किती. डबीच्या लेबलचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवते. नवीन काही घ्यायचे ठरलेच तर एका वेळी एकच, तेही रक्ततपासणी झाल्यानंतर लगेच, म्हणजे पुढच्या अहवालात काही बदलले तर कशामुळे ते शोधता येते. तीच वही मी डॉक्टरांपुढे उघडते, वैद्यांपुढे उघडते आणि औषधाच्या दुकानातही दाखवते. औषधाने अपाय झाल्याची शंका आल्यास १८००-१८०-३०२४ या सरकारी निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही कळवता येते. गुळवेलीच्या वेळी मला हे माहीत असते तर मी तेव्हाच कळवले असते.

यंदाही अखाजीला गावी गेले. पारा ४४ अंशांवर होता आणि जळगावहून एसटीने पोहोचेपर्यंत माझे तोंड कोरडे पडले होते. काकूने या वेळी गुळवेल आणली नाही, तिने फडताळातून एरंडेलाची बाटली काढली. आमवातावर एरंडेल हे फार जुने आणि मानाचे औषध आहे. आमवात जर हत्ती असेल तर एरंडेल हा त्याच्यावर झेपावणारा सिंह, असे जुन्या ग्रंथांत म्हटले आहे. काकूला मी नाकारू शकत नव्हते, म्हणून तिच्याजवळ बसून समजावले. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात. अशा उन्हात एरंडेलाने जुलाब झाले, अंगातले पाणी आटले आणि त्यात सांधे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी घेतली, तर मूत्रपिंडांवर ताण येतो, मेथोट्रेक्सेट अंगातच साचते, तोंडात फोड येतात आणि रक्तातल्या पेशी घसरतात. याच कारणाने उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर त्या रविवारची गोळी घेण्याआधी मी डॉक्टरांना फोन करते.

काकूने सगळे ऐकून घेतले. रविवारची गोळी केव्हा घेणार, तोवर पाणी किती प्यायचे, ताकात मीठ चालेल का, असे तिने एकेक विचारले. मग बाटली पदराने पुसून परत फडताळात ठेवली आणि माझी वही मागवून घेतली. एरंडेल, काकूने दिले, आणि त्यापुढे "घेतले नाही" असे तिने माझ्याकडून समोर बसून लिहून घेतले.