बसऱ्याला गेलेले आजोबा आणि थोरली आय

आमच्या घरात पहिलं महायुद्ध असं कधी कोणी म्हणायचंच नाही, म्हणायचे "बसऱ्याची लढाई". बसरा म्हणजे इराकमधलं बंदर. आणि त्या लढाईबद्दल पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य, पणजोबांचे थोरले भाऊ पलटणीत होते, बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत. कुठल्या पलटणीत, कधी, कसे गेले, काहीच नाही. मूलबाळ नव्हतं त्यामुळे त्यांची आठवण काढणारी वेगळी शाखाही नाही. म्हणून मीच शोधायला घेतलं, आणि जे सापडलं ते लिहून ठेवतोय कारण संगमेश्वर, चिपळूण, खेड, महाड, साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत असंच एक वाक्य असणार. (नावं मुद्दाम देत नाहीये, घरच्यांनी तसं सांगितलंय.)

सुरुवात झाली एका चकतीपासून. ब्राँझची, साधारण १२ सेंटीमीटरची, एका बाजूला उभी बाई आणि सिंह, आणि चौकटीत इंग्रजीत नाव. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारने अशी चकती पाठवली होती, आपल्याकडच्या शिपायांच्या घरीही. तिच्यावर हुद्दा नसतो, पलटण नसते, फक्त नाव. मेडलं असती तर काम सोपं होतं कारण मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं ठोकलेलं असतं, पण आत्या म्हणाली चांदीचं मेडल कोणाच्या तरी लग्नात मोडलं, बाकीची कुठे गेली देव जाणे. वाईट वाटलं, पण ज्या घरात दोन वेळचा भात जमवताना नाकीनऊ यायचे तिथे त्या चांदीचं दुसरं काय करणार होते.

मग महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधलं. इथे एक गोष्ट नीट सांगतो, चकतीवरचं स्पेलिंग आणि वेबसाइटवरचं स्पेलिंग जुळेलच असं नाही. शिंदेचे, मोरेचे, महादेवचे इतके अवतार आहेत की विचारू नका, त्यात गावाचं नाव ज्याने ऐकलं त्याने कानाला वाटलं तसं लिहिलेलं. त्यामुळे नावाने नाही, तारखेची आणि रेजिमेंटची चाळणी लावून शोधायचं आणि मग "अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा" ही ओळ बघायची. आमचं त्या ओळीवरच पक्कं झालं. वडिलांचं नाव बरोबर, गाव थोडं वाकडंतिकडं पण आमचंच, जिल्हा रत्नागिरी. शिपाई, ११७ वी मराठा पलटण, २२ नोव्हेंबर १९१५.

ही तारीख बघितली आणि अंगावर काटा आला, कारण बसरा इंग्रजांनी १९१४ च्या नोव्हेंबरातच घेतला होता, म्हणजे आमचे हे पलटणीतले आजोबा बसऱ्यात मेलेच नव्हते. २२ नोव्हेंबर १९१५ म्हणजे टेसिफॉनची लढाई. बगदादच्या अगदी जवळ, जिथे ती प्राचीन इराणी राजवाड्याची प्रचंड कमान अजून उभी आहे, ते ठिकाण. इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन तुर्कांकडून बगदाद घ्यायला निघाली होती, त्यात मराठ्यांच्या तीन पलटणी, १०३, ११० आणि ११७. मेलेले आणि जखमी मिळून इंग्रजांच्या बाजूची साडेचार हजारांवर माणसं त्या लढाईत कामी आली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून टायग्रिस नदीपर्यंत आणलं आणि मग बोटींत कोंबून बसऱ्याकडे पाठवलं, त्याचे इतके हाल झाले की पुढे चौकशी बसवावी लागली. उरलेलं सैन्य मागे फिरून ३ डिसेंबरला त्याच नदीकाठच्या कूत गावाला पोचलं, तिथे वेढ्यात अडकलं आणि २९ एप्रिल १९१६ ला उपाशीपोटी शरण गेलं. मी हे वाचताना सारखा विचार करत होतो की त्या दिवसांत इकडे त्रिपुरी पौर्णिमा होती, भाताची मळणी चालू असणार, आणि घरी कोणाला काहीच माहीत नव्हतं.

त्यांची कबर नाही. नाव बसरा मेमोरियलला आहे असं रेकॉर्ड सांगतं, पण दगडावर नाव नाही. ४० हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक, त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि आपल्या शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा टाकला. २०२१ ला कमिशनने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला, माफी मागितली, आता नावं ऑनलाइन दिसतात. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. त्या काळच्या युद्ध डायऱ्या वाचल्या तरी तेच, साहेब जखमी झाला तर नावासकट नोंद, शिपाई मेले तर किती ते.

पण खरं सांगायचं तर आजोबा सापडणं सोपं गेलं. अवघड गेली ती थोरली आय, त्यांची बायको.

माझे आजोबा तिला थोरली आय म्हणायचे म्हणून सगळेच तसंच म्हणायचे, तिचं नाव घरात कोणाला सांगता येईना! कमिशनच्या रेकॉर्डमध्ये बापाचं नाव आहे, बायकोचं नाही. आत्याला ती आठवते, वयस्कर, काटक, पहाटे उठून जात्यावर बसणारी, पेन्शन आणायला देवरुखला चालत जायची आणि येताना पोरांना शेव-चिवडा आणायची. त्या पेन्शनवर घरातल्या दोन पोरांची शिक्षणं झाली, त्यातले एक माझे आजोबा. म्हणजे मी आज इथे बसून टाइप करतोय त्यात तिचा वाटा आहे आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं.

ते मिळालं जमिनीच्या जुन्या फेरफारात. तलाठ्याच्या जुन्या नोंदी मोडीत, मला एक अक्षर कळेना, एका मोडी जाणकार काकांनी वाचून दिलं, वारस म्हणून विधवेचं नाव. मग तहसीलला कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, तिच्या मृत्यूची नोंद. बसऱ्याच्या आजोबांची तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता, ते गावात मेले नाहीत. आणि नाशिकला आमच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांनी स्वतः सांगून लिहवलेलं कुळ मिळालं, त्यात थोरल्या भावाच्या नावापुढे "लढाईत मयत". पण थोरल्या आयचं माहेर कुठेच नाही.

आमच्याकडे त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला व्हायचं, तिथी माहीत नाही म्हणून. आता तारीख कळल्यावर घरात चर्चा झाली, लढाईत गेलेल्याचं घातचतुर्दशीला करतात तसं करावं का. आत्याने ठाम नाही म्हणून सांगितलं, थोरली आय सर्वपित्रीलाच पान ठेवायची, तेच चालू राहील. मला पटलं.

आता तिचं माहेर शोधतोय. देवरुख, साखरपा, माखजन या बाजूच्या कोणाच्या घरी "आमची एक आत्या पलटणवाल्याला दिली होती, नवरा बसऱ्याला गेला" असं ऐकलेलं असेल तर कळवा. आणि तुमच्याकडे जुनं मेडल असेल तर आधी त्याच्या कडेवरचा नंबर वाचा आणि फोटो काढून ठेवा, गावच्या शाळेत किंवा देवळात "या गावातून इतके लोक महायुद्धास गेले" अशी संगमरवरी पाटी असेल तर तिचाही. आमच्या बाजूच्या गावच्या पाटीवर चुन्याचे इतके थर बसलेत की आकडा आता बोटाने चाचपूनच कळतो.